गाळलेल्या अकरा ओळी

प्रिय टिपकागद,

या नावानं तुला हाक मारायचा हक्क मला अजून उरला आहे की नाही, ठाऊक नाही. तुझं खरं नाव लिहून पाहिलं, पण ते एखाद्या नोटिशीवर लिहिल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून खोडलं. दोन वर्षं आणि चार महिने झाले. मधे एकदा तू मला बसथांब्यावर दिसली होतीस. राखाडी स्वेटर, खांद्याला तीच पिशवी. मी समोरच्या चपलांच्या दुकानात शिरले आणि तुझी बस जाईपर्यंत एकेक जोड पायात घालून बघत बसले. विक्रेता बिचारा सात खोकी उघडून बसला होता, त्याच्यासमोरून रिकाम्या हातानं उठवेना, म्हणून एक जोड घेतलासुद्धा. तो मला अजून चावतो. चावू दे.

आधी बातम्या देते. अपराधी माणूस मुद्द्यावर यायला वेळ लावतो, हे तू इतक्या जणांच्या घरी बसून बघितलं आहेस, तेव्हा मलाही तेवढी सवलत दे. मास्तरांना जुळ्या मुली झाल्या. पूर्वी त्यांच्या आवाजानं वर्गाच्या खिडक्या हलायच्या, आता ते शाळेतही कुजबुजत बोलतात, सवयीनं. वकिलानं अखेर कायद्याची पदवी घेतली आणि खरंच वकील झाला. त्यामुळे टोपणनावातली गंमत गेली आणि सगळे त्याला ‘माजी वकील’ म्हणायला लागले. कुरिअरताई अजून आपल्याबरोबरच आहे. आपल्या पाहणीचं ऑफिस वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच आहे आणि लिफ्ट अजूनही दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे दम खाते. मॅडम गेल्या वर्षी दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात गेल्या. त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. हे वाचून तुला हसू आलं असेल तर येऊ दे. मला स्वतःलाच त्या खुर्चीत कधी मागे टेकून बसता आलेलं नाही.

गेल्या महिन्यात नवी तुकडी आली. केस कापायचं काम करता करता समाजशास्त्र शिकणारी एक मुलगी, नुकताच इंजिनिअर झालेला एक मुलगा, आणि आजीला सांभाळायला म्हणून कॉलेज सोडलेली एक जण. मॅडम विचारायच्या तोच प्रश्न मीही विचारते: पदव्या अर्जावर वाचल्या आहेत, आज घर सांगा. आणि दर वेळी मला आपला पहिला दिवस आठवतो. गोल मांडलेल्या खुर्च्या, त्यांतली एक लंगडी, आणि ती नेमकी वकिलाच्या वाट्याला आलेली. तो डुलत डुलत सांगत होता की घरात तीन पिढ्या वकिली, आणि दुसऱ्या वर्षाला कायदा सोडल्यापासून वडील त्याच्याशी फक्त जेवताना बोलतात, तेही मीठ मागण्यापुरतं. मास्तर म्हणाले, आजारी पडलेली पोरं शाळेत परत का येत नाहीत, ते शोधायला आलोय. कुरिअरताई म्हणाली, "सहा वर्षं पार्सलं पोचवली. या शहरात मी वाजवलं नाही असं दार नाही. आता दार उघडल्यावर पुढे काय बोलायचं, तेवढं शिकायचंय." आणि मग तू. तू उभी राहिलीस, बाकी कुणी राहिलं नव्हतं. "माझे बाबा बस चालवतात. आई शाळेत साफसफाई करते. मी बारावीला दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा बसायला सवड मिळाली नाही, तोवर पुठ्ठ्याची खोकी करायच्या कारखान्यात लागले होते. कालव्यापलीकडच्या वस्तीत राहते. म्हणजे तुम्ही ज्यांच्याकडे फॉर्म घेऊन जाणार, त्यांतलीच एक." मॅडमनी तुझं ऐकताना चष्मा काढून हातात धरला होता. वस्तीतलं कुणीतरी चमूत हवंच, असा त्यांचा हट्ट होता, आणि तू मिळालीस म्हणून त्या खूश होत्या.

माझी पाळी आली तेव्हा मी तीन वाक्यांत आटोपलं. वडील लहानपणीच गेले. आई नोकरी करते. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लगेच वकिलानं माझं नाव ‘सिस्टर’ ठेवलं आणि सगळे हसले, मीही हसले, आणि आई कुठे नोकरी करते हे कुणी विचारायच्या आत चहा आला. त्या चहाचे मी मनातल्या मनात आभार मानले. कारण अर्जावर एक चौकट होती, तुझ्याही अर्जावर असेल, आणि त्या चौकटीत मी ‘नाही’वर खूण केली होती. खरं उत्तर ‘हो’ होतं. कशाबद्दल, ते सांगते. जरा दम धर, मी येतेच आहे तिथवर.

आपली जोडी लावली ती मॅडमनी. तू बोलायचं आणि वहीत टिपायचं, मी फॉर्म भरायचे आणि ऑफिसात येऊन रेकॉर्डिंग ऐकून टंकायचं. माझा हात टंकलेखनात वेगवान, तुझे कान तिखट. लोक बोलायचे आणि तू त्यांचा शब्द न् शब्द उचलायचीस, खोकला आला तर खोकलासुद्धा. पहिल्याच आठवड्यात तू टिपकागद झालीस. दवाखान्यात एकदा आलेली माणसं दुसऱ्या फेरीला का येत नाहीत, एवढाच आपला प्रश्न होता, आणि त्यासाठी आपण त्या वस्तीतल्या किती जिन्यांवर चढलो, आठवतं? तू मला चार वेळा तुझ्या घरी नेलंस. तुझ्या आईनं माझे पाय गार पडलेले बघून स्वतःचे लोकरीचे मोजे काढून दिले होते, आणि मी नको नको म्हणत असताना, "सिस्टर माणसानं आजारी पडायचं नसतं," असं म्हणून ते माझ्या पायात चढवले होते. मी तुला एकदाही माझ्या घरी बोलावलं नाही. तुला वाटलं असेल, हिला आपली लाज वाटते. तसं नव्हतं गं. आमच्या दारामागच्या खुंटीवर आईचा नोकरीवरचा निळा कोट टांगलेला असायचा, आणि तू आईला पाहिलं असतंस तर पहिल्या क्षणी ओळखलं असतंस.

आता पुठ्ठ्यावाल्या काकांकडे येते. तू त्यांच्या हाताखाली कारखान्यात एक वर्ष काम केलं होतंस, म्हणून ते आपल्याशी इतकं मोकळं बोलले. खाटेवर बसले होते, डावा पाय घोट्याच्या वर संपलेला, त्यावर काकूंनी शिवलेली टोपीसारखी पिशवी. साखरेचा आजार, पायाला जखम. पहिल्यांदा दवाखान्यात गेले, औषध मिळालं आणि तारीख मिळाली. दुसऱ्यांदा गेले तर डॉक्टर रजेवर. तिसऱ्यांदा कारखान्यातून सुटून धावतपळत गेले तर बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि मग काकांनी केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईची नक्कल करून दाखवली. मान जराशी तिरपी, आवाज नाकातून. "बारा वाजले. घड्याळ कळत नाही का तुम्हाला? मी काय इथे शोभेला बसलेय?" काका म्हणाले, "मी म्हटलं, बाई, निदान पट्टी तरी बदलून द्या, वास यायला लागलाय. तर म्हणाली, वास येतोय ना, मग लांब उभे राहा. आणि काच ओढून घेतली. सर्रकन. मागे रांग होती, चार लोक हसले. ते हसले ना पोरी, ते लागलं. पाय नंतर दुखला." आणि पुन्हा ते गेलेच नाहीत. काका हे सगळं हसत सांगत होते. काकू भिंतीकडे तोंड करून कपडे घडी घालत होत्या. तू लिहीत होतीस. आणि मी फॉर्मवर ‘वय’ लिहून पुढे आकडा लिहायला विसरले होते, कारण तो आवाज, ती तिरपी मान, ते शोभेचं वाक्य, सगळं मी आदल्या दिवशीच घरी पाहिलं-ऐकलं होतं.

ती खिडकीवरची बाई माझी आई आहे. अर्जावरची ती चौकट हेच विचारत होती: घरचं कुणी त्या दवाखान्यात नोकरीला आहे का?

आमच्या घरी ते वाक्य मायेचं आहे. मी पाणी घ्यायला उठले की आई म्हणते, "बस तू, मी काय इथे शोभेला बसलेय?" ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी, माझ्या शिक्षणासाठी दोन बस बदलून बावीस वर्षं त्या खिडकीवर गेलेली, स्वतःसाठी नवा कोट घ्यायचा तर उसवलेलाच शिवणारी. ती परक्या माणसांशी असं बोलते हे मला माहीत नव्हतं, असं लिहिलं तर खोटं होईल. थोडंफार माहीत होतं. घरी आली की ती आधी अर्धा तास कुणाशी बोलायची नाही, आणि कधी कधी आपणहून म्हणायची, आज फार ओरडले. पण कुणावर ओरडली, ते माणूस नंतर कुठे गेलं, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी आईनं मला गरम सूप वाढलं आणि विचारलं, कसं चाललंय काम? मी म्हटलं, चाललंय. तिनं विचारलं, लोक बोलतात का नीट? मी म्हटलं, बोलतात.

दोन दिवसांनी मी ऑफिसात कानाला हेडफोन लावून काकांची मुलाखत टंकायला बसले. चौदाव्या मिनिटाला थांबले. पुढे जाऊन पुन्हा मागे आले. असं चार-पाच वेळा झालं. मग मी लिहिलं, ‘तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.’ आणि त्याला जोडून, ‘मग पुन्हा गेलो नाही.’ मधल्या अकरा ओळी गाळल्या. जोड इतका बेमालूम बसला की वाचणाऱ्याला शंका यायचं कारणच नाही. उशीर झाला, म्हणून गेले नाहीत. मी स्वतःला सांगितलं, एवढीच एक. पण पाप एकट्यानं राहत नाही. आणखी सहा जणांच्या बोलण्यात ती खिडकी आली. कुणी तिला ‘काचवाली’ म्हणालं, कुणी नुसतंच ‘ती’ म्हणालं. एका बाईनं तर चक्क सांगितलं की नवऱ्यापेक्षा मला त्या खिडकीची भीती वाटते. ते सगळं मी पुसलं. एक ठेवून बाकीचं काढलं असतं तर विसंगत दिसलं असतं, म्हणून सगळंच काढलं. टंकून झालं की तीस दिवसांनी रेकॉर्डिंगही पुसून टाकायचं, हा आपण लोकांना दिलेला शब्द होता. तो शब्द मात्र मी अगदी तारखेला पाळला.

ती बैठक तुला आठवत असेलच, पण मला माझ्या बाजूनं सांगू दे. अहवालात कुणाकुणाचे शब्द घ्यायचे ते ठरत होतं. तू वही उघडलीस आणि काकांचं वाक्य वाचलंस: ते हसले ते लागलं, पाय नंतर दुखला. मॅडमनी पडद्यावर ती मुलाखत काढली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "इथे हे नाही." तू म्हणालीस, "त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय मी." मॅडम माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, रेकॉर्डिंगमध्ये असं काही ऐकल्याचं मला आठवत नाही. तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही, मी काहीतरी विसरले असेन आणि आता आठवेल, अशा नजरेनं. "तू होतीस ना तिथे, माझ्या शेजारी." आणि मी म्हटलं, "मी फॉर्म भरत होते. माझं लक्ष नव्हतं." तू म्हणालीस, काकांना फोन लावा. काका तेव्हा मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले होते. मॅडम म्हणाल्या, त्यांचं दुःख आपल्या वादाचा पुरावा म्हणून वापरायचं नाही. एरवी हे तत्त्व चांगलंच आहे. त्या दिवशी ते माझ्या कामी आलं.

मग मॅडमनी वह्या पडताळल्या, आणि आणखी सहा ठिकाणी तेच निघालं. तुझ्या वहीत खिडकी, माझ्या कागदांत काहीच नाही. त्या तुझ्यावर ओरडल्या नाहीत. उलट समजुतीनं बोलल्या, आणि ते जास्त वाईट होतं. "तू त्या वस्तीतलीच आहेस. तुझा राग खरा असेल, पण तो नोंदीत मिसळतोय. जवळचा माणूस असला की असं होतं." त्या खोलीत सगळ्यांत जवळचं माणूस कोण बसलं होतं, हे मला एकटीला माहीत होतं. माझ्याकडे कॉलेजचं ओळखपत्र होतं आणि नीटनेटके टंकलेले कागद होते. तुझ्याकडे कालव्यापलीकडचा पत्ता होता आणि दोनदा बुडालेली बारावी. माझ्यावर विश्वास ठेवायला कुणाला कष्ट पडले नाहीत, तुझ्यावर संशय घ्यायलाही पडले नाहीत. आणि मला हे माहीत होतं. बोलण्याआधीच माहीत होतं, की माझं ऐकतील. मला सगळ्यांत जास्त लाज त्याची वाटते. ओळी गाळल्या तेव्हा मी घाबरलेली होते. त्या बैठकीत मी घाबरलेली नव्हते.

तुला मुलाखतींवरून काढून घरांची यादी करायच्या कामावर टाकलं. तू तीन दिवस केलंस ते. चौथ्या दिवशी तीन वह्या मॅडमच्या टेबलावर ठेवून गेलीस. जाताना माझ्या टेबलापाशी थांबलीस. मी पडद्याकडे बघत टंकत राहिले. काय टंकत होते विचारशील तर नुसती अक्षरं, कशाला काही अर्थ नव्हता. अहवाल निघाला. त्यात लिहिलं होतं की दवाखान्याच्या वेळेबाबत लोकांमध्ये जागरूकता कमी आहे. दवाखान्यानं तो मनावर घेतला आणि दारावर मोठा फलक लावला: केसपेपर सकाळी नऊ ते बारा. आपण सगळे मिळून वर्षभर जिने चढलो आणि त्यातून तो फलक निघाला. कारखान्याची सकाळची पाळी साडेअकराच्या आधी सुटतच नाही, त्या फलकानं त्यात काय फरक पडणार होता? काका गेले तेव्हा त्यांनाही वेळ माहीतच होती.

ऑफिसच्या कपाटाच्या किल्ल्या आता माझ्याकडे असतात. तुझ्या वह्या मी वर्षभर उघडल्या नव्हत्या. गेल्या आठवड्यात उघडल्या. काकांच्या पानावर सगळं आहे, काकूंनी घडी घातलेले कपडेसुद्धा. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात: ‘सिस्टरनं पाणी मागितलं. वयापुढे आकडा लिहायचा राहिला. काकांचा पाय बघून वाईट वाटलं असावं.’ मी ते पान उघडं ठेवून बराच वेळ बसले. लिफ्ट अडकली म्हणून कुणीतरी खालून ओरडत होतं, तरी मी उठले नाही.

त्याच दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं. ती चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाली. स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. मी समोर बसून सुरुवातीपासून सांगत गेले: अर्जावरची खूण, काका, अकरा ओळी, तू. तिनं मधे तोडलं नाही. फक्त काकांचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "उंच होता तो? टोपी हातात धरून उभा राहायचा?" मी हो म्हटलं. "त्याचा पाय गेला?" मी हो म्हटलं. ती सोलत राहिली, पण दाणे टरफलांत पडत होते आणि टरफलं भांड्यात. मग म्हणाली, "बारानंतर केसपेपर दिला की आतून मला वरच्यांची बोलणी बसायची. एकदा भर रांगेसमोर बसली. त्या दिवशी ठरवलं, यापुढे बोलणी खायची नाहीत. मग रांगेतल्यांनाच बोलायला लागले. पुढे पुढे कळेना, कुणाला बोलतेय." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्ही लोक पलीकडे घरोघर गेलात. खिडकीच्या आत कुणी आलं का?" मी तिला वाचवायला म्हणून त्या ओळी काढल्या, आणि तिच्यावर ओरडणारे वरचे लोकही त्याबरोबर निसटले. तिच्याकडे जाऊन तिला विचारायला हवं, हे कुणाच्या डोक्यात यायची शक्यताच मी ठेवली नव्हती. मग आई म्हणाली, "आणि ती मुलगी? काढलं तिला?" मी म्हटलं, तिनं सोडलं. आई म्हणाली, "एकच ते." आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना ती म्हणाली, "माझंही लिहून घ्या. खिडकीच्या आतलं. कुणी काय सांगितलं होतं, कुणाला मी काय बोलले, जेवढं आठवतंय तेवढं सगळं. पण तू नको लिहूस. तुझ्यावर माझा विश्वास नाही. त्या मुलीला विचार." माझी आई मला असं म्हणाली, आणि मी डबा घेऊन निघाले. त्याच दुपारी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहवाल पुन्हा उघडावा लागेल. आणि त्या मुलीसमोर मला उभं राहावं लागेल." मी खुर्ची सोडते म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी निस्तर, मग सोड. तेव्हा सध्या निस्तरते आहे. तुझ्या वह्यांवरून सातही मुलाखती पुन्हा लिहिल्या, माझ्या कागदांना दुरुस्ती म्हणून जोडल्या, आणि त्या कुणी आणि का बदलल्या होत्या ते खाली लिहिलं. नव्या तुकडीलाही काल गोल बसवून सांगितलं की माझी आई कुठे नोकरी करायची. त्या केस कापणाऱ्या मुलीनं विचारलं, मग आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? मी म्हटलं, ठेवू नका, कागद तपासा. आईला तू भेटायलाच हवंस असं अजिबात नाही. नाही म्हणालीस तर मी तिला नाही एवढंच सांगेन, कारण विचारणार नाही.

आणि हे सगळं गेल्याच आठवड्यात का, दोन वर्षं झोपले होते का, असं तू विचारशील. हो, झोपलेच होते. त्या मंगळवारी टपालानं एक फॉर्म आला. नदीकाठच्या वस्त्यांत काम करणाऱ्या एका नव्या संशोधन गटात तू अर्ज केला आहेस आणि त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं आहे. तुझ्या अर्जाची प्रत सोबत होती. बारावी पास झालीस हे मला त्यावरून कळलं, तिसऱ्यांदा बसलीस तर. आमच्याकडचं काम का सोडलं, या रकान्यात तू लिहिलं आहेस, ‘माझ्या नोंदी खऱ्या मानल्या गेल्या नाहीत.’ कुणाला दोष नाही, पुढे एक शब्द नाही. आमच्या फाइलमध्ये तुझ्या नावापुढे मॅडमच्या अक्षरात एक ओळ आहे, नोंदींत स्वतःची भर घालते, आणि नियमानं मला तीच उतरवून पाठवायची होती. दहा मिनिटांचं काम. मी पेन काढलं आणि मग पान उलटलं. तुमच्या कामाची साक्ष देईल अशी एक व्यक्ती, या रकान्यात तू मॅडमचं नाव दिलेलं नाहीस, मास्तरांचं नाही, कुरिअरताईचं नाही. माझं दिलं आहेस. आणि त्या व्यक्तीशी तुमचं नातं काय, तिथे इतर लोक शिक्षक लिहितात, सहकारी लिहितात. तू लिहिलं आहेस, ‘एका मुलाखतीला माझ्या शेजारी बसली होती.’ ते वाचून मी पेन खाली ठेवलं आणि कपाट उघडलं. काल त्यांना उत्तर पाठवलं, चार पानांचं, त्याची प्रत या पत्राला जोडली आहे. फाइलमधली ती ओळ मॅडमनी स्वतः येऊन खोडली आणि खाली सही केली. चार पानं तू वाचलीच पाहिजेस असं नाही. पहिलंच वाक्य पुरे आहे. मी लिहिलं आहे की हो, मी तिच्या शेजारी बसले होते, आणि मी सगळं ऐकलं होतं.

‘तुझीच’ म्हणवून घ्यायला धजत नाही, तरी तुझी,
सिस्टर